मांडवातलं जेवण, माथ्यावरचं फूल



बचत गटाची बैठक संपते, पैशांची वही मिटते आणि चहाचे कप फिरायला लागतात, तेव्हा खऱ्या गप्पा सुरू होतात. दिवाळी सरली की या गप्पांत लग्नं येतात. कुणाच्या तरी मुलीचं ठरलेलं असतं आणि मागणं तेच असतं : जेवणात काहीतरी वेगळं हवंय, फुलंही वेगळी हवीत, तुम्ही सुचवा. आमच्या गटाने गेली काही वर्षं लग्नाची जेवणं करायला घेतली आहेत, त्यामुळे हे मागणं आमच्याकडे जरा जास्तच येतं.

यंदा सुचवण्याआधी आम्ही मागे वळून बघायचं ठरवलं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आज्या-पणज्यांच्या लग्नांत काय शिजायचं, काय माळायचे, हे वाडीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. वाचनालयातून पुस्तकं आणली, आळीपाळीने मोठ्याने वाचली. शोधायला गेलो पदार्थ आणि गजरे, पण त्यांच्या मागोमाग दुसरंच काही हाताला लागलं. ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात तुळशीच्या लग्नापासून करू. कार्तिकात दर वर्षी आपण अंगणात एक लग्न लावतोच की. वृंदावन रंगवायचं, ऊस उभा करायचा, चिंच, आवळा, बोरं ठेवायची, पोहे-गूळ-खोबरं वाटायचं, झेंडूचा हार घालायचा. त्या लग्नाला ना केटरर लागतो ना डेकोरेशनवाला. त्या आठवड्यात परसात आणि रानात जे असतं, तेच जेवण आणि तीच सजावट. लग्नाचं जेवण आणि फुलं कशी निवडायची, याचा जुना धडा इथेच आहे : आधी महिना बघायचा, मग झाड बघायचं.

पण या जुन्या धड्यात एक गंमत आहे. झेंडूशिवाय आपलं एक कार्य होत नाही आणि हा झेंडू मुळात आपला नव्हेच. तो अमेरिका खंडातल्या मेक्सिकोकडचा. पोर्तुगीजांची जहाजं १४९८ साली आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. त्यानंतर तिकडची कितीतरी झाडं इकडे येऊन रुजली. निशिगंध तिकडचा. देवळापुढचा चाफा तिकडचा. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, अननस, सगळे तिकडचे. आणि ओल्या काजूगराची उसळ, जिच्याशिवाय माघ-फाल्गुनातलं कोकणातलं लग्न पुरं होत नाही, तो काजूही ब्राझीलचा. म्हणजे कुठल्या तरी पणजीच्या पणजीने पहिल्यांदा लग्नाच्या उसळीत काजूचे गर घातले असतील, तेव्हा ते 'काहीतरी वेगळं'च होतं. तिच्या सासूने नाक मुरडलं असेल की दुसऱ्यांदा वाढून घेतलं असेल, कोण जाणे.

तेव्हा नवीन काही करू नका, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. नवीन करतच आलोय आपण.

आता जेवणाकडे येऊ. आज लग्नाच्या पानात भात असतो आणि बऱ्याच जणी तो अर्धा टाकतात. आमच्या वाडीतल्या नव्वदीच्या आजीला हे बघवत नाही. ती म्हणते, आमच्या वेळी लग्न म्हणजेच भात. इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं, त्यातही आजीचंच म्हणणं आहे : गरिबाचं रोजचं अन्न नाचणी, वरी, हरीक. भात पिकवायचा, पण खायचा सणाला. त्यामुळे लग्नघरी भाताचा वास सुटला की अख्खी वाडी मुलाबाळांसकट हजर व्हायची. भात, आमटी, एखादी भाजी, गुळाची खीर. जरा बरं घर असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. अळू परसात, केळफूल परसात, फणसाची कुयरी झाडाला, नारळ माडावर. विकत आणायचं ते मीठ, मसाल्याचं थोडं सामान आणि गूळ. ताट म्हणजे केळीचं पान किंवा पत्रावळ.

मांडवही तसाच घरचा. पोफळीचे नाहीतर बांबूचे खांब, वर माडाच्या झावळ्या, दाराला केळीचे खुंट, आंब्याचे टहाळे. मांडव पुरुषांनी घालायचा आणि धान्याचं सगळं बायांनी करायचं : निवडणं, कांडणं, दळणं. घाणा भरायच्या दिवशी मुसळाला आणि जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा आणि ओव्या म्हणायच्या. सवाष्णींनीच. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही आजीला विचारलं, मग तुम्ही बाया जेवायच्यात कधी? ती हसली. आधी पाहुणे पुरुष, मग घरचे पुरुष, मग पोरं, मग व्याहीणबाईंची पंगत, आणि रांधणाऱ्या सगळ्यात शेवटी. तोवर सांबाऱ्यात वाटाणे उरलेले नसायचे, नुसता रस असायचा. आजीला त्या रसाची चव अजून आठवते. आम्हाला मात्र ते ऐकून गप्प बसावंसं वाटलं, कारण आमच्यातल्या निम्म्या जणी अजूनही शेवटच्या पंगतीलाच बसतात.

पंगत कुणाबरोबर, यावर तर गावंच्या गावं भांडली आहेत. रत्नागिरी शहरात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सगळ्या जातींसाठी उघडलं, आणि त्या काळात तिथे सहभोजनं झाली. एका रांगेत बसून जेवणं हीच तेव्हा मोठी बातमी होती. त्याआधीच्या काळात ज्यांना पाणवठ्यावर जाऊ देत नसत, त्यांच्या घरी लग्न कसं व्हायचं?

एक लग्न सांगतो, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीचं. दापोली तालुक्यातल्या वणंद गावची रमाबाई. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि भावंडं मुंबईला नातेवाइकांकडे आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भीमराव आंबेडकरांशी तिचं लग्न लागलं. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, तेही आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. रमाबाई तेव्हा नऊएक वर्षांची. लग्न कुठे लागलं, तर भायखळ्याच्या मासळी बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री तीच जागा मांडव झाली. एका कोपऱ्यात मुलीकडचे, एका कोपऱ्यात मुलाकडचे, आणि मासे विकायचे दगडी ओटे बसायला. बाबासाहेबांचं मोठं चरित्र लिहिणारे धनंजय कीर हे रत्नागिरीचेच. त्यांच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. आम्ही तो वाचला तेव्हा आमच्यातली एक जण, जिने मुलीच्या हॉलसाठी कर्ज काढलं होतं आणि अजून फेडते आहे, ती म्हणाली, "आम्हाला कुणी हे आधी का नाही सांगितलं?"

गरिबीचं कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. त्या ओट्यांवर कुणी हौसेने बसलं नव्हतं. मात्र हॉलमुळे लग्न मोठं होतं, ही समजूत तपासून बघावी असं वाटलं.

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडं थांबू. आपल्या जिल्ह्यातल्या घराघरातून पुरुष गिरणीत गेले. मनीऑर्डरी यायला लागल्या, आणि लग्नं चाकरमान्यांच्या रजेवर धरली जाऊ लागली. म्हणून तर वैशाखात एवढी गर्दी. गिरणगावात या हजारो पुरुषांना जेवू घालायचं काम खानावळवाल्या बायांनी केलं. एका खोलीत स्टोव्ह, पन्नास डबे, सावकाराचं कर्ज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याच वर्षी राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आपण ज्याला माविम म्हणतो, तेही सुरू झालं. आज आपला गट लग्नाची ऑर्डर घेतो, सह्या करतो, आगाऊ रक्कम मागतो, त्याची वाट त्या खानावळींतूनच आली आहे. रांधणं हे घरकाम नसून धंदा आहे, हे त्या बायांनी आधी सिद्ध केलं.

चाकरमान्यांनी मुंबईहून पैसे आणले तसे पदार्थही आणले. श्रीखंड आलं, जिलेबी-मठ्ठा आला, पुऱ्या आल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं आणि मुंबईची सून ते पुस्तक घेऊन गावी यायला लागली. याच काळात, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत, धान्याची इतकी टंचाई होती की लग्नाला किती पाहुणे जेवू घालायचे यावर सरकारी मर्यादा असे. शहरात लोकांनी त्यावर उपाय काढला. पेढा, वेफर आणि थंड पेय एवढ्यावर स्वागत समारंभ उरकले. कुणी नावं ठेवली नाहीत, कारण सगळ्यांचीच तशी वेळ होती. आज मर्यादा कसलीच नाही. पनीर, मंचुरियन, चाट, तीन प्रकारचं आइस्क्रीम, आणि शेजारच्या कोपऱ्यात सोलकढी, ती पण पावडरची. रत्नागिरीत पावडरची सोलकढी! यावर आम्ही अधिक बोलत नाही, तोंडातून काहीतरी जाईल.

आता फुलं.

फुलांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. माघ-फाल्गुनात सुरंगी फुलते. तिच्या कळ्या पहाटे, उमलायच्या आत काढायच्या, कारण एकदा उमलली की मधमाश्या फांदीला हात लावू देत नाहीत. सुरंगीच्या वळेसराचा वास घरभर फिरतो. बकुळीची फुलं झाडाखाली वेचायची, वाळली तरी वास जात नाही, म्हणून माहेरची आठवण म्हणून बकुळ ट्रंकेत ठेवायच्या. अबोलीला वास नाही, पण ती टिकते, म्हणून सुवासिक फुलांच्या मध्ये तिची ओळ घालायची. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात सोनचाफा आणि केवडा. आणि या सगळ्याला दोरा म्हणून केळीचा सोप. जुन्या बाया सुई न वापरता नुसत्या गाठीने गजरा बांधत. आमच्यात आता दोघींनाच ते येतं.

एवढी फुलं, पण ती माळायची कुणी? मघाशी 'सवाष्ण' हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो याचसाठी.

संगमेश्वर तालुक्यातलं देवरुख. तिथल्या जोशांच्या घरातली गोदूबाई आठव्या वर्षी बोहल्यावर चढली. तीन महिन्यांत नवरा गेला. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत ती विधवा झाली, म्हणजे कुंकू बंद, फूल बंद, मंगल कार्यात पुढे येणं बंद. लग्नघरात अशा बाईने राबायचं माजघरात आणि दिसायचं कुणाला नाही. गोदूबाई पुढे भावाबरोबर मुंबईला गेली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी तिचं दुसरं लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, पुढे सगळा देश त्यांना महर्षी म्हणू लागला. पण तेव्हा मुरुड गावाने काय केलं? सभा भरवली आणि ठराव केला : कर्व्यांशी कुणी संबंध ठेवायचा नाही, आणि आईवडिलांनी घरात घेतलं तर त्यांनाही वाळीत टाकायचं. एका बाईने दुसऱ्यांदा माळ घातली म्हणून एका म्हाताऱ्या आईला मुलाच्या पंगतीला बसता येईना. आनंदीबाईंनी हे सगळं 'माझे पुराण' या आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा झाल्या, आणि विधवांच्या आश्रमासाठी पैसा गोळा करत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. देवरुखच्या एका घरातल्या या दोघी बहिणी.

कुणी म्हणेल, हे ब्राह्मणांचं झालं, आमच्यात तर पाट लागायचा. लागायचा, खरं आहे. पण कसा? रात्री, वाजतगाजत नाही, पहिल्या लग्नासारखा थाट नाही. बाई तीच असे आणि लग्नही खरंच असे, फक्त मांडवाला आणि फुलांना ते दिसायला नको असे.

हे सगळं जुनं झालं असं समजून आम्ही पान उलटलं असतं. पण मागच्या माघात आमच्या गटाकडे एका लग्नाचं काम आलं, जेवण आणि फुलं दोन्ही. तीनशे माणूस. मुलीला सगळं 'आपल्याकडचं' हवं होतं. आम्ही खूश. कुयरीची भाजी, ओल्या काजूगराची उसळ, अळूचं फदफदं, वरण-भात, सोलकढी आणि गोडाला शिरवाळ्या, नारळाच्या रसातल्या. केळीची पानं वाडीतूनच जमवली. थर्मोकोलची ताटं आणि सजावट राज्यात २०१८ पासून बंद आहे, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. ओले काजूगर इतके महाग पडले की निम्मा बटाटा घालावा लागला. शिरवाळ्यांनी मात्र आमची फजिती केली. लाकडी साच्यातून तीनशे माणसांच्या शेवया दाबताना चौघींचे हात भरून आले, आणि पहिल्या दोन पंगती होईपर्यंत उरलेल्या शेवया एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. तिसऱ्या पंगतीला गूळ घातलेला नारळाचा रस नुसता वाटीत वाढला आणि वर वेलची भुरभुरली. लोकांना वाटलं, असाच पदार्थ असतो. आता आम्हाला कळलंय की शिरवाळ्या पन्नास-साठ माणसांच्या वर घ्यायच्या नाहीत. त्याच्या वर खीर.

फुलांचं काम नवरीच्या आईने आपण होऊन अंगावर घेतलं. दोन दिवस पहाटे उठून ती आमच्याबरोबर सुरंगीच्या कळ्या काढायला आली. गाठीचा गजरा बांधता येणाऱ्या दोघींपैकी ती एक. वाडीतल्या प्रत्येक बाईला पुरेल इतके वळेसर तिने बांधले, परातीत ओलं फडकं घालून झाकून ठेवले आणि हळदीच्या आदल्या रात्री परात सुनेकडे दिली : "वाटून टाक." तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. आम्ही तिच्याबरोबर दोन दिवस बसलो होतो आणि आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नव्हतं की हिच्या वाट्याचा वळेसर कुठे आहे. गटाच्या बैठकीत आम्ही हेरवाडची बातमी वाचली होती, कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि लगेच त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. वाचून टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

विचारलं ते नवरीने. "आईचा कुठे?" कुणी बोललं नाही. मग तिने परातीतला एक उचलला आणि आईच्या अंबाड्यात घालायला गेली, तशी आई मागे सरकली. म्हणाली, नको, कार्य आहे, कुणी काही बोलेल. शेवटी सासू, म्हणजे नवरीची आजी, ओटीवरून म्हणाली, "माझाच मुलगा गेला ना? मग मी सांगते, माळ गो बाय." तिने माळला. एक आत्या रागावून दुसऱ्या दिवशी जेवायला आली नाही, ती अजून त्या घरी येत नाही. नवऱ्याकडच्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून आम्ही एक केलंय. फुलांची ऑर्डर घेताना किती सवाष्णी असं विचारत नाही, किती बाया असं विचारतो. आणि जेवणाचा हिशेब करताना रांधणाऱ्यांची पानं आधी मोजतो आणि दुसऱ्या पंगतीला बसतो, वाढायला पुरुष उभे राहतात. पहिल्यांदा त्यांनी आमटी सांडली. आता जमतं.

आता ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांच्यासाठी. मार्गशीर्ष-पौषात लग्न असेल तर झेंडू आणि शेवंती धरा, आणि जेवणात पावटा, वांगी, मुळा असं ताजं माळवं घ्या. माघ-फाल्गुनात सुरंगी, कुयरी, ओले काजूगर. चैत्रात कैरीचं पन्हं आणि मोगरा. वैशाखात आंब्याचा रस आहेच, पण बरक्या फणसाच्या रसातली सांदणं करून बघा. तांदळाचा रवा आणि फणसाचा रस, वाफवायचं काम, आदल्या दिवशी केली तरी चालतात, म्हणून मोठ्या जेवणाला सोयीची. मोहल्ल्यातल्या मैत्रिणी नारळाच्या दुधातली सांदणं करतात, तीही शिकून घ्या, त्यांच्याइतकी पांढरी आणि मऊ आम्हाला अजून जमलेली नाहीत. रुखवतात थर्मोकोलच्या बंगल्याऐवजी आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं आणि पोह्याचे पापड मांडा. रुखवत मुळात खाण्याचंच असायचं, बंगला नंतर आला.

सोलकढीला पाच माणसांमागे एक नारळ धरा, आणि आगळ घरचं वापरा. पुढच्या वर्षीसाठी कुणाला सुरंगीची रोपं हवी असतील तर पावसाळ्याआधी सांगा. झाडाला फुलायला बरीच वर्षं लागतात, म्हणजे ज्यांच्या मुली आत्ता बालवाडीत आहेत त्यांनी यंदाच लावलेली बरी.